७२ नंबरची रिकामी जागा

दोन, आठ, अठरा, बत्तीस. ही माळ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधीतरी पाठ केलेली असते. पुढे अकरावी-बारावीत ‘वन-एस-टू, टू-एस-टू, टू-पी-सिक्स’ येतं, तिरके बाण काढून फोर-एस आधी भरायचं की थ्री-डी हे ठरवणं येतं. सीईटीपुरतं सगळं डोक्यात राहतं आणि इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली की ते कुठे वाहून जातं देव जाणे. सरही बिचारे घाईत असतात, पोर्शन संपवायचा असतो. त्यामुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहूनच जातो: हे आकडे आले कुठून? अणूमध्ये डोकावून कोणी इलेक्ट्रॉन मोजले होते का?

आपल्या धंद्यात अशा आकड्यांना ‘मॅजिक नंबर’ म्हणतात. दुसऱ्या कोणाचा तरी जुना कोड उघडावा, त्यात मध्येच एक आकडा ठोकून दिलेला असावा आणि वर साधी कॉमेंटही नसावी. आकडा बदलला की सगळं कोसळतं. म्हणजे आकडा बरोबर आहे एवढं नक्की, पण का बरोबर आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अणूच्या बाबतीत १९२१ ते १९२५ ही चार वर्षं नेमकी अशीच होती. आकडे बरोबर होते. त्यांच्या जोरावर एक न सापडलेलं मूलद्रव्य कुठे शोधायचं हे सांगितलं गेलं, तिथे ते सापडलंही. आणि तरीसुद्धा हे आकडे असेच का, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ही गोष्ट त्या मूलद्रव्याची. नंबर ७२.

तर सुरुवात जरा मागून करू. मेंडेलेव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली ती अणुभाराच्या क्रमाने. सारणी चालली मस्त, पण दोन ठिकाणी घोळ होता. एक म्हणजे टेल्युरियम आणि आयोडीनसारख्या काही जोड्या वजनाप्रमाणे लावल्या तर चुकीच्या घरात जात होत्या. दुसरं दुखणं मोठं होतं: रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. लँथॅनमपासून पुढची ही सगळी भावंडं इतकी एकसारखी की वेगळी करता करता रसायनशास्त्रज्ञांची आयुष्यं गेली. सगळ्यांची संयुजा साधारण ३, सगळ्यांचं वागणं सारखं. द्रावण करा, स्फटिक पाडा, पुन्हा विरघळवा, पुन्हा स्फटिक पाडा, असं शेकडो-हजारो वेळा. आणि ही मुळात आहेत किती, तेच माहीत नाही! आज एक वाटणारं मूलद्रव्य उद्या दोन निघायचं.

या कामातला त्या काळचा बादशहा म्हणजे पॅरिसचा जॉर्ज उर्बेन. त्याने १९०७ मध्ये इटर्बियममधून ल्युटेशियम वेगळं काढलं. मग १९११ मध्ये त्याने आणखी एका नव्या भावंडाची घोषणा केली आणि त्याचं नाव ठेवलं सेल्टियम. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

त्याच वर्षी, १९११ मध्ये, मँचेस्टरला रदरफर्डने अणूच्या मध्यभागी केंद्रक असल्याचं मांडलं. १९१२ मध्ये नील्स बोर नावाचा तरुण डॅनिश पदार्थवैज्ञानिक त्याच्याकडे काही महिने काम करून गेला आणि १९१३ मध्ये त्याने आपलं प्रसिद्ध मॉडेल छापलं: इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांमध्येच फिरू शकतात, मधल्या जागी नाहीत. (मराठीत नाव जरा गैरसोयीचं आहे, पण माणूस अजिबात बोर नव्हता.) हायड्रोजनसाठी, म्हणजे एकाच इलेक्ट्रॉनसाठी, हे गणित सुंदर जुळलं. जास्त इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंची मांडणीही त्याने देऊन पाहिली. पण त्यात निऑनचे दहा इलेक्ट्रॉन कसे लावले होते माहीत आहे? आत आठ आणि बाहेर दोन! आणि नायट्रोजनचे सात म्हणजे आत चार आणि बाहेर तीन, कारण नायट्रोजनची संयुजा ३ आहे हे रसायनशास्त्रातून माहीत होतं. थोडक्यात, उत्तर बघून गणित लिहिणं चाललं होतं. ‘दोन, आठ’ची माळ काही आकाशातून पडली नाही.

या चित्रात मग आला हेन्री मोझली. हाही रदरफर्डच्या प्रयोगशाळेतला, वय वर्षं पंचवीस, आणि कामाला वाघ. १९१३-१४ मध्ये, आधी मँचेस्टर आणि मग ऑक्सफर्डला, त्याने एकामागून एक मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनचा मारा केला आणि त्यांतून निघणारे क्ष-किरण मोजले. यामागची कल्पना अशी की मारा बसल्यावर अणूतला एखादा अगदी आतला इलेक्ट्रॉन उडून जातो. त्याची जागा भरायला वरच्या पातळीतला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि दोन पातळ्यांमधला ऊर्जेचा फरक क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. केंद्रकावरचा विद्युतभार जितका जास्त, तितकी या किरणाची वारंवारता जास्त. मोझलीने वारंवारतेचं वर्गमूळ घेऊन आलेख काढला तर चक्क सरळ रेषा! प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्णांक मिळाला. हाच अणुक्रमांक. वजनाचा घोळ संपला, टेल्युरियम ५२ आणि आयोडीन ५३, विषय बंद.

याचा अर्थ काय होतो बघा. तोवर एखादं मूलद्रव्य सापडायचं राहिलंय की नाही, हे अंदाजाने बोललं जायचं. मोझलीने हजेरीपट तयार केला. आता नंबर पुकारायचा आणि कोण हात वर करत नाही ते बघायचं. १९१४ मध्ये खुद्द उर्बेन आपले नमुने घेऊन ऑक्सफर्डला आला. ज्या कामाला त्याला अनेक वर्षं लागली होती, ते मोझलीच्या यंत्राने काही दिवसांत तपासलं: कुठल्या नमुन्यात कोणती मूलद्रव्यं आहेत, सगळं. उर्बेन थक्क झाला. फक्त एक निराशा झाली. सेल्टियमच्या नमुन्यात मोझलीला नवीन काहीच दिसलं नाही, फक्त ल्युटेशियम आणि इटर्बियमच्या ओळखीच्या रेषा.

त्याच उन्हाळ्यात मोझली वैज्ञानिकांच्या एका परिषदेसाठी ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. तो परत आला आणि सैन्यात भरती झाला, रॉयल इंजिनिअर्समध्ये सिग्नल ऑफिसर म्हणून. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत, फोनवरून एक आदेश पोचवत असताना, त्याच्या डोक्यात गोळी लागली. वय २७. त्याचं सगळं महत्त्वाचं काम जेमतेम दोन वर्षांत झालेलं होतं. रदरफर्डने ‘नेचर’मध्ये त्याच्यावर लिहिलं तेव्हा, असा माणूस खंदकात पाठवणं ही देशाची केवढी उधळपट्टी आहे, ही खंत त्यात होती. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा नवल वाटतं ते एवढ्याचंच, की आवर्तसारणीतल्या प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात आपण जो नंबर बघतो तो याने मिळवून दिला, आणि आपल्या पुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर एक ओळ येते. असो.

हजेरीपटात गैरहजर असलेले नंबर होते, त्यांतला ७२ हा सगळ्यांत अडचणीचा. कारण तो बरोबर हद्दीवर बसला होता. ७१ नंबरचं ल्युटेशियम हे रेअर अर्थ. ७३ नंबरचं टँटॅलम हा संयुजा ५ असलेला वेगळाच धातू. मग ७२ कुठला? रेअर अर्थच्या गावचा, की टँटॅलमच्या बाजूचा? उर्बेनचं म्हणणं होतं की ते सेल्टियमच, म्हणजे रेअर अर्थ.

इथे इलेक्ट्रॉनच्या मांडणीचा प्रश्न खरा धारदार होतो. १९२१ पर्यंत अणूची कवचं ही कल्पना रुळलेली होती. अमेरिकेत लँगम्युअरने कवचांची एक मांडणी दिली होती. चार्ल्स बरी नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये तिच्यात सुधारणा सुचवली: सर्वांत बाहेरच्या कवचात आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत, पण तेच कवच आत गेलं की ते ८ वरून १८ आणि १८ वरून ३२ पर्यंत वाढू शकतं. त्याच सुमारास बोरही याच निष्कर्षाला येत होता, त्याच्या कक्षांच्या भाषेत.

रेअर अर्थ एकसारखी का वागतात, याचं उत्तर यातूनच निघतं. रासायनिक वागणूक ठरते ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरून. लँथॅनमनंतर, ५८ नंबरपासून, येणारा प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन बाहेर न बसता खोल आत, चौथ्या कवचात जाऊन बसतो. बाहेरून चेहरा तसाच, फक्त आत भरती चालू. जसं एखाद्या वाड्यात माणसं वाढत जातात पण दिंडी दरवाजातून बघणाऱ्याला पडवीत तेच तीन म्हातारे बसलेले दिसतात, तसं. चौथ्या कवचात आधी १८ असतात, ते ३२ पर्यंत भरायचे म्हणजे १४ जागा. ५८ पासून १४ मोजा. उत्तर ७१. वाडा भरला!

म्हणजे ७२ व्या इलेक्ट्रॉनला आत जागाच नाही, त्याला बाहेर पडवीत येणं भाग आहे. बाहेर आता चार जण, म्हणजे संयुजा ४. त्यामुळे ७२ नंबर रेअर अर्थ असूच शकत नाही, ते टायटॅनियम आणि झिर्कोनियमच्या घरातलं असलं पाहिजे. बरीने हे आपल्या लेखात थेट लिहिलं. बोरनेही आपल्या भाषणांतून हेच मांडलं.

जून १९२२ मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला बोरची सात व्याख्यानं झाली. त्यांना गमतीने ‘बोर महोत्सव’ म्हणत. श्रोत्यांमध्ये वीस वर्षांचा हायझेनबर्ग होता आणि बावीस वर्षांचा वोल्फगांग पाउली. बोरने हायड्रोजनपासून पुढे एकेक इलेक्ट्रॉन घालत अख्खी आवर्तसारणी उभी करून दाखवली. लोक मंत्रमुग्ध झाले.

आणि नेमकं त्याच सुमारास पॅरिसहून बातमी आली की ७२ सापडलं. दोव्हिलिये नावाच्या क्ष-किरणतज्ज्ञाने उर्बेनचे जुने नमुने सुधारलेल्या यंत्रावर तपासले आणि त्याला ७२ च्या जागी दोन अंधुक रेषा दिसल्या. रेअर अर्थच्या नमुन्यात! म्हणजे सेल्टियम खरं, आणि बोरची मांडणी खोटी. रदरफर्डनेही ‘नेचर’मध्ये या शोधाचं स्वागत केलं. बोरची अवस्था काय झाली असेल? जुलै १९२२ मध्ये त्याने आपला मित्र, पदार्थवैज्ञानिक जेम्स फ्रँक, याला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की ग्यॉटिंगेनच्या व्याख्यानांबद्दल मला एकच गोष्ट नक्की माहीत आहे, ती म्हणजे त्यांतले काही निष्कर्ष आताच चुकीचे ठरलेत, आणि पहिला म्हणजे ७२ नंबरचा.

मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यांत आवडते. ‘प्रयोगात चूक असेल’ असं म्हणून तो सुटला नाही. ‘७२ अपवाद आहे’ असा पॅचही त्याने मारला नाही. आणि मारता आलाही नसता, कारण १४ चे १५ केले तर ३२ चे ३३ होतात, आणि मग आधीचे १८ आणि ८ सुद्धा संशयित ठरतात. सगळी इमारत त्या एका विटेवर होती.

सप्टेंबर १९२२ मध्ये डिर्क कॉस्टर हा डच संशोधक कोपनहेगनला बोरच्या संस्थेत आला. स्वीडनमध्ये सीगबानच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण वर्णपटावर काम करून तो तयार झालेला होता. दोव्हिलियेच्या त्या अंधुक रेषांवर त्याचा विश्वास बसेना. त्याच संस्थेत जॉर्ज हेवेशी हा हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ होता, बोरचा मँचेस्टरपासूनचा मित्र. (पुढे १९४० मध्ये नाझी सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा फ्रँक आणि फॉन लाउए यांची नोबेल पदकं आम्लराजात विरघळवून लपवणारा तो हाच.) दोघांनी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा शोधूनच बघू. आणि शोधायचं कुठे? रेअर अर्थमध्ये नाही, झिर्कोनियमच्या खनिजांमध्ये. बोर बरोबर असेल तर ते तिथे असायला हवं.

त्यांनी नॉर्वेतलं झिर्कोनियमचं खनिज घेतलं, क्ष-किरण यंत्रात घातलं, आणि ७२ च्या जागी रेषा उमटल्या. अंधुक नाहीत, चांगल्या ठसठशीत. डिसेंबरमध्ये बोर १९२२ चं नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेला होता. त्याच्या ११ डिसेंबरच्या व्याख्यानाच्या अगदी तोंडावर कॉस्टरचा फोन आला की आता खात्री झाली. बोरने व्याख्यानातच जाहीर करून टाकलं. जानेवारी १९२३ मध्ये ‘नेचर’मध्ये कॉस्टर आणि हेवेशीचं पत्र आलं. नाव ठेवलं हाफ्नियम, कोपनहेगनच्या ‘हाफ्निया’ या लॅटिन नावावरून.

गंमत म्हणजे हे काही दुर्मिळ मूलद्रव्य नाही. पृथ्वीच्या कवचात ते सोन्या-चांदीपेक्षा कितीतरी जास्त आहे. क्लाप्रोटने १७८९ मध्ये झिर्कोनियम ओळखलं, त्या दिवसापासून १३० हून जास्त वर्षं ते झिर्कोनियमच्या प्रत्येक बाटलीत एखाद-दोन टक्के हजर होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. कारण रेअर अर्थच्या त्या चौदा घरांतून जाताना केंद्रकाची ओढ वाढत जाते आणि अणू आकसत जातो. त्यामुळे हाफ्नियमचा अणू आकाराने जवळजवळ झिर्कोनियमएवढाच होतो, रासायनिकदृष्ट्या जुळा भाऊच.

मग व्हायचं ते झालं, श्रेयाचं भांडण. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती. फ्रेंच म्हणाले, सेल्टियम आधी, आम्ही १९११ मध्येच सांगितलं. लंडनचा अलेक्झांडर स्कॉट म्हणाला, न्यूझीलंडच्या वाळूतून मी हे १९१३ मध्येच काढलं होतं, नाव ठेवा ओशियानियम. त्याचा नमुना कोपनहेगनला तपासला तेव्हा त्यात हाफ्नियमचा मागमूस नव्हता आणि त्याने दावा मागे घेतला. सेल्टियमचं भांडण मात्र बरीच वर्षं चिघळलं. मोझलीने १९१४ मध्येच त्या नमुन्यात काही नाही हे पाहिलं होतं. पण साक्ष द्यायला तो नव्हता.

आता इथे सिनेमा संपायला हवा. हिरोची थिअरी खरी ठरली, नोबेल मिळालं, टाळ्या. पण खरी मेख पुढेच आहे.

बोरला हे आकडे मिळाले कसे? त्या वेळी बऱ्याच लोकांची समजूत अशी होती की कोपनहेगनमध्ये या सगळ्याची अवघड गणितं करून ठेवलेली आहेत, फक्त छापायची राहिलीत. बोरचा जवळचा सहकारी क्रामर्स याने नंतर लिहून ठेवलंय की तसं काहीही नव्हतं. वर्णपट आणि रसायनशास्त्र यांतून जे दिसत होतं त्याचा मेळ बोरने आपल्या विलक्षण अंतर्ज्ञानाने लावला होता. एरिक स्केरीसारखे विज्ञानाचे अभ्यासक तर म्हणतात की हाफ्नियमचं भाकीत ही क्वांटम सिद्धांताची करामत म्हणणंच चूक आहे. ७१ ची संयुजा ३, ७३ ची ५, मग ७२ ची ४ असणार, हे रसायनवाल्यांना आधीपासून वाटत होतंच. डेन्मार्कच्याच ज्युलियस थॉमसेनने १८९५ मध्ये आखलेल्या सारणीत या जागी झिर्कोनियमचा भाऊ येणार असं दाखवलेलं होतं, आणि बोर तीच आखणी वापरत असे. शिवाय बोरच्या वाटणीत चुकाही होत्या. कवचाच्या आतले पोटविभाग तो सारखे पाडायचा: ८ म्हणजे ४ आणि ४, १८ म्हणजे ६, ६, ६, आणि ३२ म्हणजे चार वेळा ८. दिसायला सुबक, पण निसर्ग तसा नाही.

म्हणजे बेरीज बरोबर, आतली मांडणी चूक, आणि कारण बेपत्ता. टेस्ट पास झाली होती, पण कोड का चालतोय हे माहीत नव्हतं. हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

ही वाटणी दुरुस्त केली केंब्रिजच्या एडमंड स्टोनरने, ऑक्टोबर १९२४ मध्ये. क्ष-किरणांच्या रेषा नीट मोजून त्याने सांगितलं की ८ म्हणजे २, २ आणि ४, म्हणजे २ आणि ६. १८ म्हणजे २, ६ आणि १०. ३२ म्हणजे २, ६, १० आणि १४. हेच आपले एस, पी, डी, एफ. (ही अक्षरं कशावरून आली हे कधी कोणी सांगत नाही. वर्णपटातल्या रेषांच्या मालिकांना शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज, फंडामेंटल अशी नावं होती, त्यांची ही आद्याक्षरं.)

आणि ग्यॉटिंगेनच्या श्रोत्यांमधला तो पाउली? बोरच्या व्याख्यानांत एक गोष्ट त्याला खुपली होती. प्रत्येक कवच ठरावीक आकड्याला ‘बंद’ का होतं? सगळेच इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पातळीत जाऊन का बसत नाहीत? खाली ऊर्जा कमी, म्हणजे सगळ्यांनी तिथेच गर्दी करायला हवी, लोकलच्या दारात करतात तशी. कोपनहेगनमध्ये असताना एकदा रस्त्यात एका सहकाऱ्याने त्याला विचारलं, एवढा दुःखी का दिसतोस? तो म्हणाला की झीमन परिणामाच्या विसंगतीचा विचार करणारा माणूस आनंदी कसा दिसेल! ही विसंगती म्हणजे चुंबकीय क्षेत्रात वर्णपटाच्या रेषा अपेक्षेपेक्षा वेगळ्याच संख्येने फुटणं. या दोन्ही कोड्यांची किल्ली एकच निघाली.

स्टोनरचा लेख वाचून पाउलीला ती किल्ली सापडली आणि १९२५ च्या सुरुवातीला त्याने आपला अपवर्जनाचा नियम मांडला. नियम साधा आहे. अणूमधल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला चार आकड्यांचा पत्ता असतो, म्हणजे विंग, मजला, फ्लॅट आणि खोली म्हणा. कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनचा पूर्ण पत्ता एकसारखा असू शकत नाही. बस्स, एवढंच. आता मोजा. पहिल्या कवचात एकच घर. दुसऱ्यात १ आणि ३. तिसऱ्यात १, ३ आणि ५. चौथ्यात १, ३, ५ आणि ७. या विषम संख्यांच्या बेरजा होतात १, ४, ९, १६, म्हणजे पूर्ण वर्ग. पत्त्यातल्या चौथ्या आकड्याला दोनच किमती, म्हणून प्रत्येक घरात दोघं. दुप्पट करा: २, ८, १८, ३२.

चार मॅजिक नंबर गेले, त्यांच्या जागी एक फंक्शन आलं. आणि ते ७ दुणे १४, तीच चौदा रेअर अर्थ, ५८ ते ७१. त्यानंतर वाडा का भरतो आणि ७२ ला बाहेर का बसावं लागतं, याचं कारण हाफ्नियम सापडल्यावर दोन वर्षांनी हाती आलं.

तो चौथा, दोन किमतींचा आकडा काय आहे हे पाउलीलाही माहीत नव्हतं. क्रोनिग नावाच्या तरुणाने त्याला सुचवलं होतं की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असेल. पाउलीने ते उडवून लावलं आणि क्रोनिगने ते छापलंच नाही. त्याच वर्षी शरद ऋतूत लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोघांनी तीच कल्पना मांडली. ज्येष्ठ लोरेंट्झने अडचणी दाखवल्यावर ते घाबरून लेख मागे घ्यायला निघाले, तर त्यांचा गुरू एरेनफेस्ट म्हणाला की मी तो कधीच पाठवून दिला, तुम्ही दोघं तरुण आहात, एखादा मूर्खपणा परवडेल तुम्हाला. असे गुरू (आणि असे मॅनेजर!) सगळ्यांना मिळोत. त्या कल्पनेचं नाव स्पिन. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरत नाही, पण नाव टिकलं. १९२६ मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं, कक्षांच्या जागी संभाव्यतेचे ढग आले, एस गोल आणि पी डंबेलसारखा. १९३२ मध्ये मलिकनने त्यांना ऑर्बिटल हे नाव दिलं. अकरावीचा धडा इथे पूर्ण झाला.

आणि हाफ्नियम? झिर्कोनियमचा हा जुळा भाऊ एका बाबतीत त्याच्या अगदी उलट निघाला. अणुभट्टीतले न्यूट्रॉन झिर्कोनियम जवळजवळ अडवत नाही, तर हाफ्नियम त्याच्या शेकडो पट जास्त गिळतं. त्यामुळे इंधनाच्या नळ्यांसाठी झिर्कोनियम वापरायचं तर त्यातलं हाफ्नियम काढावंच लागतं. आपल्याकडे हे काम हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतं. तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधन असतं ते अशाच झिर्कोनियम मिश्रधातूच्या नळ्यांत. उलट हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतं म्हणून ते पाणबुड्यांच्या अणुभट्ट्यांत नियंत्रण कांड्यांसाठी वापरलं गेलं.

आपल्या जास्त जवळची गोष्ट २००७ ची. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखाली सिलिकॉन डायऑक्साइडचा जो थर असतो, तो तोवर १.२ नॅनोमीटरपर्यंत पातळ झाला होता, म्हणजे जेमतेम काही अणूंची जाडी. त्यातून वीज झिरपायला लागली. इंटेलने ४५ नॅनोमीटरच्या चिपमध्ये तो थर बदलून हाफ्नियमचं संयुग घातलं, जे जाड ठेवूनही तेवढंच काम करतं. गॉर्डन मूरच्या मते १९६० च्या दशकाच्या अखेरीनंतर ट्रान्झिस्टरमध्ये झालेला हा सगळ्यांत मोठा बदल होता.

पाउलीला १९४५ चं नोबेल मिळालं. डिसेंबर १९४६ मध्ये दिलेल्या नोबेल व्याख्यानात त्याने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली: या अपवर्जनाच्या नियमाचं तर्कशुद्ध कारण मला देता आलं नाही, किंवा आणखी मूलभूत गोष्टींतून तो काढूनही दाखवता आला नाही. ती उणीव त्याला शेवटपर्यंत जाणवत होती. ज्या एका नियमामुळे सगळे इलेक्ट्रॉन तळाशी कोसळत नाहीत, मूलद्रव्यांना स्वभाव येतात, आणि तुमच्या-माझ्या शरीराला आकार राहतो, त्या नियमावर त्याचा कर्ता म्हणतोय की का ते विचारू नका.

चार न समजलेल्या आकड्यांच्या जागी एक न समजलेला नियम. माझ्या मते हाच तो फायदा. प्रगती बहुतेक वेळा अशीच दिसते. पण ती वाट जाते ७२ नंबरवरून, जिथे एका माणसाने सांगितलं होतं की माझं खरं असेल तर ते इथे सापडेल, आणि नाही सापडलं तर माझं चुकलं.